कोपरे कापलेल्या पत्रिका

आमच्याकडे आलेली लग्नपत्रिका लग्न पार पडलं की स्वयंपाकघरातल्या खणात जाते. जाड कागद, मागची बाजू कोरी. वाणसामानाच्या यादीला झकास. ही सवय सासूबाईंची, त्यांच्यामागे माझी झाली. तर २०२४ च्या श्रावणात यादी करायला म्हणून एक पत्रिका काढली, तिचा कोपरा कात्रीने नीट कापलेला. दुसरी काढली, तिचाही. तिसरीची तर अख्खी कडच गेलेली. आधी मनूला विचारलं, कारण ती तिसरीत आहे आणि घरातली कात्री सदा तिच्याकडेच सापडते. ती नाही म्हणाली. मग मनात आलं, निनादने नेले असतील तुकडे, इंजिनिअरिंगच्या मुलांना काही ना काही बनवावं लागतं. आणि मी यादी लिहायला बसले. साबुदाणा, शेंगदाणे, वरीचे तांदूळ.

निनाद माझ्या ताईचा मुलगा. (नाव अर्थातच बदललं आहे.) ताई पंढरपूरला असते. दाजी माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा मोजून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निनादला आमच्या सांगलीत प्रवेश मिळाला, तेव्हा वसतिगृहाचा विषयच निघाला नाही. ताई म्हणाली, "तुझ्याकडे आहे म्हणजे मला घोर नाही." माय मरो पण मावशी जगो, असं आपल्यात म्हणतात. ते मला फार सुखाचं वाटलं होतं.

मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ शिकवते, आठवी-नववीला मराठी. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, त्या निमित्ताने शाळेत मीच निबंधस्पर्धा घेतली होती. 'व्यसन : एक शाप'. पंचेचाळीस निबंध तपासले, सुवाच्य अक्षराला दोन गुण जास्त दिले. त्या सगळ्या दिवसांत माझ्या माडीवरच्या खोलीत गांजा ओढला जात होता.

तुम्ही म्हणाल, कळलं कसं नाही? मैत्रिणींनो, कळण्यासारखं सगळं समोर होतं. पण प्रत्येक गोष्टीला एक साधं, घरगुती कारण होतं, आणि मी ते आनंदाने पत्करत होते. डोळे लाल असायचे, खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. कारण काय, तर संगणकावर तासन्‌तास काम. खोलीत उदबत्ती लावायचा. मला वाटलं, दाजींचं वळण उतरलं पोरात. रात्री अकराला खाली येऊन "मावशी, खायला काय आहे?" विचारायचा, आणि मी कौतुकाने थालीपीठ लावायची. वाढत्या वयाचा मुलगा खातोय याचा कुठल्या बाईला आनंद होत नाही? गांजाने अशी अवेळी, अनावर भूक लागते, हे मला पुढे डॉक्टरांकडून समजलं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायचा आणि काय सांगत होतो ते विसरून हसायचा. आम्ही त्याला विसरभोळा गोकुळ म्हणायचो.

एक गोष्ट मात्र खटकायला हवी होती. तो तबला वाजवायचा, पंढरपूरहून येताना डग्गा मांडीवर घेऊन एसटीत बसून आला होता. सहा-सात महिन्यांत तबल्यावरची गवसणी निघेनाशी झाली. विचारलं तर म्हणे, "मूड नाही." मी ते अभ्यासावर ढकललं. तिकडे दोन विषय राहिले होते, ते आम्हांला माहीतच नव्हतं. लाल डोळे दहा कारणांनी होतात. पण जिवापाड आवडणारी गोष्ट माणूस उगाच सोडत नाही. आज मला कुणी विचारलं की नेमकं काय बघायचं, तर मी आधी हे सांगते. जुने मित्र तुटले का, आवडीचं सुटलं का, पैशांचा हिशेब लागेनासा झाला का. आणि हेही सांगते की एवढ्यावरून निकाल देऊ नका. उदास असलेलं मूलही असंच वागतं.

उलगडा कपडे धुताना झाला. मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करायची माझी सवय. जीन्सच्या छोट्या खिशात काडेपेटी, पातळ कागदांचं चिमुकलं पाकीट, प्लास्टिकच्या पुडीत हिरवट-तपकिरी चुरा, आणि एक जळकं थोटूक. थोटकाच्या तोंडाशी जाड कागदाची सुरळी होती. ती उलगडली तर सोनेरी अक्षरांत 'गजानन प्रसन्न'. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका होती ती.

मग मी जे केलं त्यात एकही गोष्ट धड नव्हती. पुडी संडासात ओतली. तो घरात शिरताच, चपला काढायच्या आत त्याच्यावर ओरडले. ताईच्या उपकारांची, दाजींच्या माळेची, माझ्या विश्वासाची सगळी यादी वाचली. शेवटी मनूच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. त्या एवढ्याशा पोरीला कशाची शपथ तेही कळत नव्हतं. तो रडला, मीही रडले आणि वाटलं, झालं, संपलं. शपथ चार दिवसांत मोडली. मोडल्यावर त्याने मनूशी बोलणंच सोडलं, तिच्या नजरेला नजर देईना. म्हणजे घरात ज्या एका जिवाशी तो हसून खेळत होता, तोही मीच तोडला.

आणि ताईला सांगितलं नाही. ह्यांचं म्हणणं होतं, आत्ताच्या आत्ता फोन लाव. मी म्हणायची, थांबा, मी आणते त्याला ताळ्यावर. खरं कारण वेगळं होतं. 'तुझ्याकडे आहे म्हणजे घोर नाही' हे वाक्य मला सोडवत नव्हतं. अडीच महिने मी रोज फोनवर सांगत होते, "मजेत आहे गं, अभ्यास चाललाय."

दिवाळीत तो पंढरपूरला गेला. चौथ्या दिवशी ताईचा फोन. "अगं, ह्याला झालंय तरी काय? रात्रभर येरझाऱ्या घालतो. डोळा लागला तर घामाघूम होऊन दचकून उठतो, काहीबाही स्वप्नं पडतात म्हणतो. करंजी पुढे केली तर ताट सरकवलं. वडलांवर धावून गेला. दृष्ट काढून पाहिली मी." तिथे त्याला गांजा मिळाला नव्हता. गांजा सोडला की पहिल्या एक-दोन दिवसांतच असं सुरू होतं, पहिला आठवडा सर्वांत वाईट, पुढे दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. आज हे मी शहाण्यासारखी लिहिते आहे. त्या दिवशी नुसती फोन धरून उभी होते. मग सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. नंतर ताई एवढंच म्हणाली, "अडीच महिने? आणि मी दृष्ट काढत बसले."

आमच्या घरच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. दाजींना ते रुचलं नाही, "वेड लागलंय का त्याला?" म्हणाले. तरी आले. बाईंनी आधी निनादला एकट्याला आत घेतलं, आम्ही चौघं बाहेर. तो एकोणीस वर्षांचा, सज्ञान आहे, तो जेवढं सांगू देईल तेवढंच मी सांगेन, असं त्यांनी आम्हांला स्पष्ट बजावलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गुप्तता राखणं बंधनकारकच आहे. तेव्हा राग आला. पण त्या पाऊण तासात तो जे बोलला, ते आमच्यापाशी वर्षभरात बोलला नव्हता. पहिल्या सहामाहीत शिकवणं सगळं इंग्रजीत, काही कळेना, वर्गात बोलायची लाज, रात्र रात्र झोप नाही. एका मित्राने म्हटलं, हे ओढ, झोप लागेल. लागली. आधी शनिवारी, मग एक दिवसाआड, मग सकाळ-संध्याकाळ. आमच्या घरी वर्षभर एक मूल घाबरलेलं होतं आणि मी त्याला थालीपिठं करून घालत होते.

मग आम्हांला आत बोलावून बाईंनी विचारलं, घराण्यात कुणाला मानसिक आजार? ताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आमचा धाकटा मामा तरुणपणी स्वतःशी बोलायचा, लोक आपल्या वाईटावर आहेत म्हणायचा. घरात त्याचं नाव काढत नसत. दाजींना लग्नानंतर वीस वर्षांत हे आम्ही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगावं लागलं. कारण ज्या घरात असा आजार आहे, तिथल्या मुलाने कोवळ्या वयात गांजा ओढला तर भास, संशय सुरू होण्याचा धोका जास्त. निनादला तसं काही झालं नव्हतं. पण बाईंनी सांगून ठेवलं, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी आणायचं.

गोळी द्या म्हणून दाजी मागे लागले होते. बाई म्हणाल्या, गांजाची सवय सोडवणारं खात्रीचं औषध अजून निघालेलं नाही. झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी थोडे दिवस काही देता येतं. खरा उपचार म्हणजे बोलणं. दर आठवड्याला एकदा त्याच्याशी, मधूनमधून आमच्याशी. ओढावंसं कधी वाटतं, कुणाबरोबर, त्या वेळी दुसरं काय करता येईल, हे एकेक करून उकलत जायचं.

निनाद वादाला पक्का. म्हणाला, "झाडच आहे ते. साधू ओढतात, शिवरात्रीला भांग चालते, कॅनडात तर २०१८ पासून कायदेशीर आहे." बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तंबाखूही झाडच आहे. आणि अमेरिकेत जिथे जिथे हौसेसाठी विकायला परवानगी आहे, तिथे दुकानात जाऊन बघ, एकवीस वर्षांखाली तुला देणार नाहीत. का, ते विचार." मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, ओढणाऱ्या साधारण दहांतल्या एकाला सवय जडते, पण ज्यांनी किशोरवयात सुरू केलं त्यांच्यात सहांतल्या एकाला. हे आकडे ऐकून तो गप्प झाला. माझ्या शपथेने झाला नव्हता.

दोन आठवड्यांनी लघवीची तपासणी झाली, ती सदोष आली. मी बाहेर येऊन त्याला नको नको ते बोलले. तो "नाही ओढलं" म्हणत राहिला. बाईंनी मलाच आत बोलावलं. गांजातलं द्रव्य चरबीत साठून राहतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते तीन-चार आठवडेसुद्धा सापडतं. मुलगा खरं बोलत होता. त्याची माफी मागायला मला दोन दिवस लागले.

पोलिसांची भीती आम्हांलाही होती. १९८५ च्या कायद्याने थोडा गांजा जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. पण त्याच कायद्यातलं ६४-अ कलम, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. भीतीपोटी घरात झाकून ठेवणाऱ्यांनी हे जरूर वकिलाला विचारून घ्यावं. निनादला दाखल करावं लागलं नाही. ज्यांना लागतं, त्यांच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये, गर्दने मुलं पोखरली जात होती तेव्हा, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने ते उभं केलं. आणि कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

घरात आम्ही काय केलं? त्या पहिल्या पंधरवड्यात त्याला जेवण जात नव्हतं, तर ताटाचा आग्रह सोडला. तांदळाची पेज, ताकभात, केळं, थोडं थोडं पाच वेळा. रात्री घामाने चादर भिजे, म्हणून उशाशी दुसरी घडी ठेवायची आणि सकाळी त्याबद्दल बोलायचं नाही. हे रोज पहाटे त्याला घेऊन आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊ लागले. उपदेश नाही, क्रिकेट नाहीतर महागाई. माझ्या मते बाईंच्या खालोखाल गुण आला तो या चालण्याचा, पण ह्यांना हे सांगितलं तर ते मिशीत हसतात. पैसे त्याच्या फोनवर न टाकता लागतील तसे हातात देऊ लागलो, ते त्याच्याशी बोलून ठरवलं. खोली तपासणं मी बंद केलं. म्हणजे, जवळजवळ बंद केलं.

मार्चमध्ये परीक्षेच्या आधी तो पुन्हा ओढून आला. या वेळी मला काही सापडलं नव्हतं. त्यानेच ओट्याशी उभं राहून सांगितलं. माझ्या हातात लाटणं होतं. "बरं, बाईंना फोन कर," एवढंच म्हटलं आणि पोळी उलटली. आतून मी थरथरत होते. असं एकदा घसरणं होतंच, म्हणाल्या बाई, त्याने येऊन सांगितलं हे महत्त्वाचं. त्यानंतर आजवर नाही, असं तो सांगतो. राहिलेले दोन विषय सुटले, तबल्यावर कधीमधी हात पडतो. ताई फोन करते तो निनादला. माझ्याशी सणावाराचं तेवढं बोलते. दाजी मात्र तिच्या नकळत एकदा म्हणाले, "मामांचं आधी कळलं असतं तर मी काय तुम्हांला सोडून जाणार होतो?"

परवा नणंदेच्या मुलीची पत्रिका आली. लग्न व्हायचं आहे, तरी ती कशी कोण जाणे खणात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खण उघडून तिचे चारही कोपरे पाहिले. शाबूत होते. वळले तर निनाद दारात उभा, हातात दुधाच्या पिशव्या. काही बोलला नाही. पातेलं घेतलं, पिशवीचा कोपरा कात्रीने कापला आणि दूध तापत ठेवलं.