पागा पुन्हा मांडताना

प्रवरेच्या काठी, संगमनेरपासून फार दूर नाही अशा गावी, आमचे जे वडिलोपार्जित घर आहे, त्याच्या मागील अंगास दगडी जोत्याची एक लांबट पागा असून, वडिलांच्या निधनानंतर आणि त्यांच्या मागोमाग त्यांची वृद्ध काठेवाडी घोडी गेल्यानंतर, तपभराहून अधिक काळ त्या पागेत उन्हाळी कांद्याचे ढीग पडलेले असत. आमच्या पूर्वजांपैकी कोणी शिलेदार होते, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराप्रमाणे नव्हे, तर स्वतःच्या घोड्यानिशी आणि हत्यारानिशी चाकरीस उभे राहणारे होते, असे घरात सांगितले जाई; परंतु वडिलांच्या अश्वप्रेमास त्या वारशाच्या दाखल्याची गरज नव्हती. पहाटे चंदीचा तोबरा स्वतःच्या हाताने चढविल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नसे, आणि वर्षातून एखाद्या प्रदर्शनात घोडी उतरवायची ती शर्यतीच्या ईर्षेने नव्हे, तर आपण वर्षभर केलेली निगा चार जाणत्या डोळ्यांखालून जावी एवढ्याच इच्छेने. त्या रिंगणात घोडीची वाग धरून चालण्याचे काम मुलगी असूनही त्यांनी मला दिले होते, आणि त्या काळातील अन्य कोणत्याही गोष्टीपेक्षा ते चालणे माझ्या स्मरणात अधिक ठसठशीत राहिले आहे.

पागा पुन्हा मांडावी हा विचार घरात आला तो मुलांमुळे. माझी मुलगी आणि माझ्या बंधूंचे दोन्ही मुलगे घोड्यावर बसण्याच्या वयाचे झाले होते. आणि माझ्याही मनात रिंगणात परतण्याची इच्छा अनेक वर्षे दबून होती. या दोन्ही गोष्टी एकाच जनावराकडून व्हाव्यात हा माझा आग्रह मात्र पुष्कळांस विचित्र वाटला. प्रदर्शनाचा घोडा म्हणजे तेज, फुरफुरणे आणि दोन पायांवर उभे राहणे. मुलांचा घोडा म्हणजे शांत, वयस्कर आणि सामान्य. असा भेद आमच्याकडील अश्वपालकांत रूढ झालेला आहे. मला तो कधीच मान्य झाला नाही. जी घोडी परक्या माणसास आपले तोंड उघडू देते, सैल दोरीवर चौकोनी उभी राहते आणि ढोलताशांच्या गजरात कान न पाडता धन्याकडे पाहते, तिचे शिक्षण पुरे झाले आहे. आणि हेच शिक्षण पाठीवर मूल असताना उपयोगी पडते. एका घोडीला दोन निरनिराळ्या विद्या शिकवायच्या नसून एकच विद्या पूर्णपणे शिकवायची असते, अशी माझी धारणा आहे, आणि पुढील सारी खटपट मी त्याच धारणेच्या आधारे केली.

खरेदीसाठी आम्ही सारंगखेड्यास गेलो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात, तापीच्या तीरावर, एकमुखी दत्ताच्या यात्रेस मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून जो घोडेबाजार भरतो, त्याची परंपरा काही शतकांची आहे. अलीकडे त्याच्या जोडीस ‘चेतक महोत्सव’ या नावाने मोठा समारंभही होऊ लागला आहे. मारवाडी, काठेवाडी, सिंधी अशा जातींचे घोडे आणि गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून येथे येतात, आणि पहाटेच्या थंडीत झुली पांघरलेल्या त्या रांगा पाहिल्यावर, मोटारींच्या काळातही या प्राण्यावरील माणसाची ओढ किती अक्षय आहे हे ध्यानी येते. बरोबर आमचे नाना होते. वडिलांच्या वेळचे हे मोतद्दार आता सत्तरीच्या पलीकडे गेले असले, तरी घोड्यावरून हात फिरवताना त्यांची बोटे अजून काही वाचीत असल्याप्रमाणे चालतात. मारवाडी घोड्याचे ते विख्यात कान, ज्यांची आत वळलेली टोके एकमेकांस भिडतात, पाहून माझी दृष्टी खिळली, की ते हळूच म्हणत, “ताई, कान मागनं बघू. आधी पाय बघा.”

पाय पाहणे म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. घोडा समोरून चालत येताना आणि पाठमोरा जाताना त्याचे पाय एका रेषेत पडतात की नाही. गुडघा मागे दबलेला तर नाही. नळीच्या मागील शिरा दोरीप्रमाणे स्वच्छ हातास लागतात की तेथे सूज व ऊन जाणवते. चारही खूर समान आहेत की एखादा अरुंद होऊन उभा झाला आहे. कठीण जमिनीवर दुडकी चालवले असता मान एखाद्या पावलागणिक वर झटकते काय. हे सर्व पाहून झाल्याखेरीज रंगाकडे वळू नये. त्यानंतर दात. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात: मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी, पाच वर्षांचा घोडा पूर्ण तोंडाचा झाला असे समजतात. बाजारात दोन दाती, चार दाती हे शब्द याच अर्थाने चालतात आणि प्रदर्शनातील वर्गही बहुधा याच हिशेबाने पाडतात. दोन दाती शिंगरांवर धिप्पाड पुरुष बसून त्यांना भरधाव सोडीत असलेले मी त्या बाजारात पाहिले, आणि त्याबद्दलची माझी चीड अजून शमलेली नाही. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पुरी होत नाही. त्याआधीच लादलेला भार तो मुकाट्याने वाहतो आणि पुढे आयुष्यभर त्याची किंमत देतो.

आमच्या नजरेस जी भरली ती चार दाती कुमैत घोडी, तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची. तिचा धनी बाडमेराकडील मालाणी मुलखातला, मितभाषी वृद्ध गृहस्थ होता. तिच्यावर गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती, याचे कारण तिच्या डोळ्याखाली असलेला केसांचा भोवरा. कंठावरील देवमण जसा शुभ, तसा डोळ्याखालचा भोवरा धन्यास अश्रू ढाळावयास लावणारा, असा समज सर्वत्र आहे. आणि ही समजूत केवळ बाजारी नव्हे. नकुलाच्या नावावर असलेले जे ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली सचित्र प्रसिद्ध केले, त्यासारख्या जुन्या ग्रंथांतूनही भोवऱ्यांच्या शुभाशुभाचा विचार आढळतो. त्या परंपरेविषयी मला आदर आहे, कारण तिने घोडा बारकाईने पाहावयास शिकविले. परंतु त्या घोडीच्या धन्याच्या खांद्यावर तिने ज्या विश्वासाने हनुवटी टेकली होती, तो विश्वास मला भोवऱ्याहून अधिक बोलका वाटला. माझ्या मुलीने जवळ जाऊन तळहात पुढे केला, तेव्हा घोडीने प्रथम श्वास घेतला, मग मान खाली केली. नानांनी तिचे चारही पाय उचलून पाहिले आणि माझ्याकडे पाहून मान हलविली. पुढचे बोलणे दलालाच्या रुमालाखाली बोटांनी झाले. ग्लँडर्स या रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्यानंतर, कारण तो रोग माणसासही होतो आणि त्यात घोड्याची गय करता येत नाही, बाजार समितीची रीतसर पावती झाली. मुलांनी तेथल्या तेथे तिचे नाव तापी ठेवले.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे तिच्या पाठीवर कोणीही बसावयाचे नाही, असा माझा सक्त हुकूम होता. चारा बदलला, पाणी बदलले, माणसे बदलली. अशा वेळी घोड्याच्या पोटास जपावे लागते. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान आणि त्यास ओकारी करता येत नाही, म्हणून एकदाच पुष्कळ चंदी घालणे म्हणजे पोटशूळास आमंत्रण होय. आम्ही वाळलेला चारा दिवसभर थोडा थोडा समोर ठेवला, भिजवलेला हरभरा व ओट अगदी हात राखून दिले, आणि मिठाचा खडा कायम ठेवला. मुलांना काम मिळाले ते खराऱ्याचे. खराऱ्याच्या निमित्ताने मुलांना घोड्याच्या दृष्टीचे ज्ञान झाले: त्याचे डोळे दोन बाजूंस असल्यामुळे जवळजवळ सारा परिसर त्यास दिसतो, मात्र कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्यास काही दिसत नाही, म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. माझ्या धाकट्या भाच्यास हे इतके पटले की तो पागेत शिरण्यापूर्वी बाहेरूनच पाढे म्हणू लागे, आणि पुढे पुढे त्याचा आवाज आला की तापी पुढच्या पायाने जमीन उकरू लागे.

शिक्षणाचा आरंभ कावा देण्याने झाला. लांब दोरीच्या टोकाशी घोडी, मध्यभागी मी, आणि डावीकडून जितके फेरे तितकेच उजवीकडून. कारण डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्यास पुन्हा नवी वाटू शकते, हे ज्यास ठाऊक नाही तो चाबूकस्वार घोड्यावर हट्टीपणाचा वृथा आरोप करतो. पाऊल, दुडकी, थांबणे; यांपैकी थांबण्यावर मी सर्वाधिक वेळ खर्च केला. दोरीचा ताण म्हणजे प्रश्न, आणि घोडीने योग्य उत्तराच्या दिशेने पाऊल टाकताच, पूर्ण उत्तराची वाट न पाहता, ताण सोडणे हे तिचे पारितोषिक. हात सैल सोडण्याचा तो क्षण ज्यास साधला त्यास चाबकाची आवश्यकता फारशी राहत नाही. ज्यास साधला नाही तो अधिकाधिक तीक्ष्ण कडियाळी शोधीत राहतो. आमच्या पागेत काटेरी लगाम वडिलांच्या वेळीही नव्हता आणि आजही नाही. पुढे खोगीर आले, तंग एकेक भोक आवळीत गेलो, रिकिबी कुशीस लागू दिल्या. आणि चार वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या वजनाची माझी मुलगी, नानांच्या हाती दोरी असताना, तिच्या पाठीवर बसली. त्याच सुमारास मारवाडी रक्तातील ती रेवाल चाल प्रकट झाली, जिच्यात एका अंगाचे पाय मागोमाग पडतात आणि बसणारास उसळी म्हणून लागत नाही. मुलीने अंगणातून हाक मारून सांगितले, “आई, ही चालते आहे की वाहते आहे?”

गावातील एका हौशी गृहस्थांनी तापीस नाच शिकवावा असे सुचविले. खाटेवर चारही पाय जुळवून उभ्या राहणाऱ्या घोड्यांस लग्नसराईत मोठी मागणी असते. ज्यांचा तो चरितार्थ आहे त्यांच्याविषयी मी बोलत नाही. पण दोन बाजूंनी दोऱ्या ताणून, पायांवर छडीने मारून पावले उचलावयास लावण्याचे जे प्रकार मी पाहिले आहेत, त्यांस मी शिक्षण म्हणणार नाही. आम्ही त्या गृहस्थांस नम्रपणे नकार दिला.

प्रदर्शन पुण्याच्या बाजूस होते. त्यापूर्वी नालबंदाने खूर तासून नवे नाल बसविले, आणि तेही अगदी आदल्या दिवशी नव्हे, कारण नव्या नालांची पायास सवय व्हावी लागते. मुलांनी खरारा असा केला होता की अंगावर तेलाचा थेंबही न लावता कातडी चकाकत होती. रिंगणात वाग धरून मी उतरले तेव्हा पाय किंचित कापत होते, हे खरे. पण तापीने नेहमीच्या सवयीने माझ्या खांद्याकडे मान केली आणि आम्ही चालू लागलो. उंचीच्या मापाखाली ती स्थिर राहिली. पाऊल आणि दुडकी झाल्यावर परीक्षकांनी तिला उभी करावयास सांगितले, आणि मी दोरी सैल सोडून एक पाऊल मागे सरले. शेजारी एक देखणा मुश्की घोडा दोन माणसांस ओढीत होता, त्याच्या टापांखालून धूळ उडत होती, पलीकडे ढोल वाजत होता. तापीचे कान त्या आवाजाच्या दिशेस वळले आणि परत माझ्याकडे आले, पाय मात्र हलले नाहीत. एका परीक्षकांनी डोळ्याखालच्या भोवऱ्यावर बोट ठेवून काही टिपून घेतले. दुसऱ्यांनी तिच्या नळीवरून हात फिरविला, तोंड उघडून दात पाहिले आणि विचारले, “हिच्यावर बसतं कोण?”

“मुलं,” मी म्हणाले.

त्यांनी कडेस उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिले आणि तिला जवळ बोलावून दोरी तिच्या हाती देण्यास सांगितले. मुलीने घोडीस चालविले, वळविले, थांबविले. त्या वर्गात तापीचा तिसरा क्रमांक आला. पहिल्या दोन्ही घोड्या बांध्याने आणि मानेच्या ठेवणीने तिच्याहून सरस होत्या, आणि निर्णय मला सर्वस्वी न्याय्य वाटला. नानांनी बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तो तबेल्याच्या चौकटीवर नव्हे, तर मुलांच्या खोलीत टांगावा असे सुचविले.

पुढील हंगामात खोगिराच्या वर्गात मुलीने स्वतः उतरावे, असे आता ठरले आहे. त्यासाठी तापी पूर्ण तोंडाची होईपर्यंत थांबावयाचे, तोवर नदीकाठच्या वाळूत पावलाची चाल आणि आठवड्यातून मोजकीच दुडकी, असा क्रम नानांनी आखून दिला आहे. बंधूंनी उन्हाळी कांद्यासाठी मळ्यात वेगळी चाळ बांधावयास घेतली आहे.