तळाचे सोबती

चिंचवडच्या धर्मग्राम-निवासातील दोन फुटी काचपेटीसाठी आम्ही बोटभर ‘सकर’ आणला. तळ स्वच्छ राखील, असे विक्रेत्याने सांगितले होते. दक्षिण अमेरिकेचा हा पाहुणा फूटभराहून मोठा होतो आणि स्वतःच पुष्कळ घाण करतो, हे उशिरा उमगले. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा कळवळून म्हणाला, “फादर, पवनेत सोडू या.” मोह आम्हांलाही झाला. परंतु असे सोडलेले सकर आपल्या देशातील कित्येक जलाशयांत देशी माशांच्या मुळावर उठले आहेत. अखेरीस मोठी टाकी असलेल्या एका कुटुंबाने त्याला आसरा दिला. आता तेथे सहा कोरीडोरास मिशांनी तळ चाचपीत फिरतात. खरबरीत खडीने त्या मिशा झिजतात, म्हणून आम्ही मऊ वाळू अंथरली. तळाशी बुडणारे खाद्यही वेगळे घालतो. वरच्यांच्या उष्ट्यावर त्यांचे भागत नाही.