शीर तुटली म्हणजे काय तुटले?

पुढे वाचण्याआधी एवढे करा. उजव्या हाताने डाव्या हाताचे कोपराखालचे मांस मुठीत धरा आणि डाव्या हाताची बोटे मिटा, उघडा, पुन्हा मिटा. बोटे मिटतात तिकडे आणि कातडीखाली काहीतरी फुगते ते इकडे, तुमच्या उजव्या मुठीत. कारण बोट वाकवणारे मांस बोटात नाहीच. तळहातात काही लहान स्नायू आहेत, पण मूठ आवळण्याचा खरा जोर येतो तो कोपराजवळच्या मांसातून. बोटात असतात ती हाडे, कातडी आणि वरून आलेल्या दोऱ्या.

एवढी गोष्ट कळायला माझे एक बोट खर्ची पडले.

१९८७ चा पावसाळा होता. थोरला मुलगा अजून अंगावर पीत होता आणि दारात दोन म्हशी होत्या. बांधाकडेचे कडवळ कापत होते. डाव्या हातात मूठभर धाटे धरलेली, उजव्या हातात विळा. ओल्या धाटावरून विळा निसटला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, आतल्या बाजूने, मधल्या पेराखाली लागला. रक्त भळभळा वाहिले. आत्याबाईंनी हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि संध्याकाळी आम्ही बाजाराच्या गावी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम धुतली, चार टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आत्याबाईंनी काळजीने विचारले, "डॉक्टरसाहेब, शीर तर तुटली न्हाई न्हवं?"

"नाही आजी, रक्त थांबलंय आता."

आम्ही समाधानाने घरी आलो. आत्याबाई विचारत होत्या ते बोट हलवणाऱ्या शिरेबद्दल आणि डॉक्टर सांगत होते रक्ताच्या शिरेबद्दल. शब्द एकच, म्हणून दोघांनाही वाटले की बोलणे पुरे झाले. "बोट मिटून दाखव" असे तेवढे कोणी म्हणाले नाही. मलाही सुचले नाही. चिंध्यांनी जाड झालेले बोट वाकत नाही यात मला काही नवल वाटले नाही.

टाके निघाले तेव्हा बोट मुळाशी वाकत होते, पण पुढची दोन्ही पेरे दांडीसारखी ताठ. मग तेल झाले, शेक झाला. शेजारगावच्या एका जाणत्याने बोट ओढूनही पाहिले. अडीच महिन्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून मला समजावले. त्या चित्राची मी माझ्या मनात मोट करून टाकली. मोट आता विहिरीवरून गेली, पण जुन्यांना ती आठवत असेल. धावेवर ओढणारे बैल म्हणजे स्नायू. चाकावरून जाणारा नाडा म्हणजे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. विहिरीतली मोट म्हणजे बोटाचे टोक. मोटकऱ्याची हाक म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा हुकूम पोचवणारी नस. आणि पाटाचे पाणी म्हणजे रक्त.

आता नाडा तुटला तर काय होते? बैल पुढे झेपावतात आणि तुटलेले टोक त्यांच्याबरोबर ओढले जाते. माझ्या बोटात तेच झाले होते. तुटलेली टोके आक्रसून तळहातात गेली होती. शिवाय विळा लागला तेव्हा बोट मिटलेले होते, डॉक्टरांनी पाहिले तेव्हा सरळ. त्यामुळे कातडीची जखम एका जागी आणि दोरीची दुसऱ्याच जागी. जखमेत डोकावून काही दिसले नसते. ते डॉक्टर म्हणाले, "बाई, पहिल्या आठवड्यात आला असता तर टोकाला टोक शिवलं असतं. आता दुसरीकडची कंडरा काढून इथं बसवावी लागेल, आणि हात कित्येक महिने कामाला लावता येणार नाही." ही उसनी दोरी बहुधा मनगटातून घेतात. अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक जुळवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मधोमध एक दोरी ताठ उभी राहील. काहींना ती जन्मतःच नसते, आणि नसल्याने त्यांचे काही अडत नाही. माझ्या हातात ती होती. पण घरी तान्हे पोर, दोन म्हशी आणि हातात पैसा नाही. आम्ही परत आलो.

त्या डॉक्टरांवर माझा राग होता, अजूनही थोडा आहे. पण पुढे विचार करताना वाटले की घोटाळा शब्दातही आहे. मान अवघडली की आपण म्हणतो, शीर धरली. पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली. कपाळाशी ठणकते तीही शीरच आणि कमरेतून पायात कळ जाते तीही शीर. यातली पहिली दोन दुखणी स्नायूंची, तिसरी रक्तवाहिनी, चौथा मज्जातंतू. आणि माझी तुटलेली कंडरा ही पाचवी. एका दाव्याला पाच जनावरे बांधल्यासारखे झाले.

आपली भाषा दरिद्री आहे असे मात्र समजू नका. दंड वाकवला की जो गोळा उठतो त्याला आपण बेटकुळी म्हणतो, म्हणजे लहानशी बेडकी. लॅटिन बोलणाऱ्यांना तिथे छोटा उंदीर दिसला. त्यांच्या 'मस्क्युलस' या शब्दाचा अर्थ तोच, आणि इंग्रजीतले 'मसल' त्यावरूनच आले. पिंडरीच्या मोठ्या स्नायूला डॉक्टर 'गॅस्ट्रोक्नेमियस' म्हणतात. ऐकून माणूस दबकतो. पण मूळ ग्रीक अर्थ आहे पायाचे पोट! आपली पोटरी दुसरे काय सांगते? ज्वारी पोटरीत आली म्हणतो तेव्हाही ताटाचे तेच फुगलेले पोट डोळ्यांपुढे असते. दंडातल्या बेटकुळीचे पुस्तकी नाव द्विशिरस्क, म्हणजे दोन डोक्यांचा. इथले शिर म्हणजे डोके, आपली शीर नव्हे. पुस्तकांचाही गोंधळ काही कमी नाही. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे स्नायू, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. आज आपण मराठीत पेशी म्हणतो ती डोळ्यांना न दिसणारी, आणि मांसाला म्हणतो स्नायू. हिंदीत मात्र मांसपेशी म्हणजे आपला स्नायूच. तेव्हा शब्दावर विसंबू नये, बोट हलवून बघावे.

कसे बघायचे ते सांगते. तळहाताकडून बोट कापले, अगदी लहानशी जखम असली तरी, रक्त दाबून थांबवल्यावर बोटाचे मधले पेर धरून ठेवा आणि शेवटचे पेर हलकेच वाकवायला सांगा. मग बाकीची बोटे सरळ धरून ठेवा आणि कापलेले बोट मधल्या सांध्यात वाकते का ते पाहा. दोनदा का? अंगठा सोडून प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. एकच तुटली तर दुसरीच्या जोरावर बोट वाकल्यासारखे दिसते आणि आपण फसतो. बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कापूस लावून विचारा, कळते का? एका बाजूला बधीर असेल तर नस गेली. जोर मात्र करू नका, अर्धवट तुटलेली दोरी पूर्ण तुटेल. जखमेत हळद, तंबाखू, राख काही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबा, हात उंच धरा आणि निघा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. तो रोग स्नायूच आवळून टाकतो. आधी जबड्याचे, म्हणून दातखीळ बसते. मग पोटापेक्षा पाठीचे स्नायू जोरकस, म्हणून माणूस मागे धनुष्यासारखा वाकतो. हे नाव ठेवणाऱ्याने रोगी डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे.

२०१६ च्या उन्हाळ्यात वळवाने गोठ्याचा पत्रा उडाला. तो पकडताना धाकट्या दिरांच्या मुलाचा अंगठा कापला. जखम बोटाच्या नखाएवढी, रक्तही फारसे नाही. तो म्हणाला, "काकू, काय नाय, पट्टी लावली की झालं." मी म्हटले, वरचे पेर वाकव बघू. वाकेना. त्याच रात्री जीपने त्याला शहरात नेले. दुसऱ्या दिवशी कंडरा शिवली. मागून पट्टी बांधून हात आत वाकवून ठेवला होता आणि काही दिवसांतच रोज थोडी थोडी हालचाल करायला शिकवली, कारण शिवलेली दोरी एका जागी राहिली तर आजूबाजूला चिकटून बसते. तीन महिने जड काम बंद. त्याची आई कुरकुरली, पेरणी तोंडावर आली होती. मी माझा हात तिच्यापुढे धरला. पुढे ती बोलली नाही.

आज तो ट्रॅक्टर चालवतो. नट आवळतो. मी अजून धार काढते, डावीकडचे सड अंगठा आणि तीन बोटांनी. मूठ मिटली की ते एक बोट पुढे निघून राहते. परवा नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आजी, धार काढताना तू बोट कुणाकडं दाखवतेस गं?"

समोर ओसरीवर तिचे आजोबा चहाची वाट बघत बसले होते. मी म्हटले, "त्यांच्याकडं."