भीतीचा रिफ्लक्स

प्रिय सुमे,

ह्यूस्टनहून बेटाउनकडे जाताना माँट बेल्व्ह्यूचे उंच मनोरे दिसले आणि तुला माझी आठवण आली, हे वाचून हसू आलं. लोकांना मोगरा बघून मैत्रीण आठवते! पण ओळखलंस बरोबर. गेली 20 वर्षं मी असल्याच मनोऱ्यांची राखण करते. आम्ही त्यांना कॉलम म्हणतो.

‘तू तिथे नेमकं करतेस काय?’ असं विचारलं आहेस, तर ऐक. नैसर्गिक वायूतला मिथेन काढून घेतला की इथेन, प्रोपेन, ब्युटेन अशी मंडळी उरतात. त्यांना एकेका कॉलममध्ये वेगळं करायचं. खालून रिबॉयलर उकळी देतो, वर गेलेल्या वाफेचा कंडेन्सर द्रव करतो. त्यातला काही द्रव वरूनच पुन्हा आत सोडतात, तो रिफ्लक्स. रिफ्लक्स वाढवला की माल शुद्ध होतो. पण आत सोडलेला प्रत्येक थेंब पुन्हा उकळावा लागतो, आणि इंधन जातं ते तिथेच.

मी नवी असताना एका जुन्या ऑपरेटरकाकांनी कानमंत्र दिला होता: ‘रिफ्लक्स जरा चढाच ठेव पोरी, रात्र सुखात जाते.’ सुखात जायचीच! माल नापास व्हायची धास्ती नाही. तुझ्या बार्बेक्यूच्या टाकीतला एचडी-5 दर्जाचा प्रोपेन किमान 90 टक्के शुद्ध असला की चालतो. आमच्यासारखे घाबरट तो त्याहून कितीतरी शुद्ध करून देतात. वरची शुद्धता कुणी मागितलेली नसते, तिचे पैसेही कुणी देत नाही, आणि शेवटचे एक-दोन टक्के सगळ्यात महाग पडतात.

दुसरी खोड दाबाची. दाब कमी असला की हे घटक सहज वेगळे होतात. थंडीच्या रात्री कंडेन्सर जास्त गार करतो, म्हणजे दाब उतरवता येतो. तरी आम्ही मे महिन्यातलाच आकडा जानेवारीतही धरून बसायचो. आता कॉलमची क्षमता सांभाळत तो हळूहळू खाली येऊ देतो.

सगळं असं फुकटात सुटत नाही म्हणा. आयसोब्युटेन उणे 12 अंशांना उकळतो, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. या सख्ख्या भावांना वेगळं करायला रिफ्लक्स भरपूरच लागतो. तिथे वरची वाफ कॉम्प्रेसरनं दाबून गरम करतात आणि तिच्याच उष्णतेवर तळ उकळवतात. युक्ती झकास, पण कॉम्प्रेसर महाग. म्हणून मी साहेबांना सांगते, आधी भीती कमी करू, मग यंत्रं घेऊ.

कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, हे आईनं मला दहाव्या वर्षी शिकवलं. कॉलमपाशी ते आठवायला नोकरीची दहा वर्षं जावी लागली बघ.

पत्र पाठव.

तुझी,
वैजू