वीस प्रश्न आणि घरातील माणसे

रोजमेळ आणि ताळेबंद यांतील फरक व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रोजमेळात एखादी रक्कम जुळली नाही, तर पेढी बुडाली असे कोणी म्हणत नाही. 'पुन्हा एकदा पाहू या' एवढेच म्हणतो. लहान मुलांतील स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, वेळीच लक्षात यावी म्हणून पालकांना विचारली जाणारी प्रश्नावली ही रोजमेळाच्या जातीची आहे. तिचे उत्तर म्हणजे निदान नव्हे. आमच्या घरी नातवाच्या निमित्ताने हे उमगले. ते इतर घरांनाही उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे भुसार मालाचे दुकान आहे. नातू दीड वर्षाचा झाला, तरी एकही शब्द उच्चारत नव्हता. घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी आणि मोबाइलवर हिंदी. यामुळे लेकरू गोंधळले असावे, असे वडीलधाऱ्यांचे मत पडले. कोणी म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. बालरोगतज्ज्ञांनी मात्र सूनबाईंच्या हाती वीस प्रश्नांचा कागद ठेवला. अनेक भाषा कानी पडल्याने स्वमग्नता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

या प्रश्नावलीचे नाव 'एम-चॅट'. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली असून १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ती वापरतात. उत्तरे 'हो' किंवा 'नाही' अशी द्यायची. शंका उत्पन्न करणारी उत्तरे मोजली जातात. ती दोनपर्यंत असतील तर धोका कमी. ३ ते ७ असतील तर त्याच मुद्द्यांवर सविस्तर विचारपूस. ८ किंवा त्याहून अधिक असतील तर थेट तज्ज्ञांकडे पाठवणी.

त्या संध्याकाळी सूनबाई प्रश्न वाचू लागल्या आणि एकेका प्रश्नावर घरात दोन-दोन मते पडू लागली. बाळ बोटाने दाखवते का? 'दाखवते की, बिस्किटाच्या डब्याकडे,' असे जाऊबाई म्हणाल्या. पण कागदावर याचेच दोन निरनिराळे प्रश्न होते. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट करणे वेगळे, आणि आकाशातले विमान किंवा रस्त्यावरचा ट्रॅक्टर आपल्यालाही दिसावा म्हणून बोट करणे वेगळे. पहिल्यात मागणी असते, दुसऱ्यात सोबत. आमचा नातू मागत होता; दाखवत मात्र नव्हता. पाच मुले वाढवलेल्या माझ्या डोळ्यांना हा भेद या कागदाने दिला.

नावाने हाक मारल्यावर तो वळत नसे; दुकानाचे शटर वर गेले की मात्र धावत येई. म्हणजे कान शाबूत असावेत, असे आम्हांला वाटले. तरीही डॉक्टरांनी श्रवणतपासणी करून घेतली. ते योग्यच होते, कारण ऐकू कमी येणारे मूलही हाकेला उत्तर देत नाही.

एकत्र कुटुंबात मूल अनेकांच्या हातांवर वाढते. आई, आजी, काकू, दुकानातून जेवायला येणारे आजोबा, प्रत्येकाला त्याचा एकेक प्रहर ठाऊक असतो. म्हणून उत्तरे सर्वांनी मिळून द्यावीत. परंतु आईचे 'नाही' आजीच्या 'हो'ने पुसले जाऊ नये. मतभेद झाला, तर तोच डॉक्टरांना सांगावा.

या प्रश्नावलीच्या मर्यादाही ध्यानी ठेवाव्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोळा हजारांहून अधिक मुले तपासली गेली. दोन्ही फेऱ्यांत शंकास्पद ठरून पुढे तज्ज्ञांनी तपासलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांत स्वमग्नता आढळली. मात्र बहुतेक सर्वांना विकासाच्या कोणत्या ना कोणत्या बाबतीत मदतीची गरज होती. उलट, काही मुले या चाळणीतून निसटतातही. म्हणून अठराव्या महिन्यात शंका आली नाही, तरी चोविसाव्या महिन्यात पुन्हा विचारावे.

आमच्या नातवाचे निदान पुढे पुण्यात झाले. आज तो सहा वर्षांचा आहे. वाक्ये तोकडी आहेत, गर्दीत कान झाकतो. पण धान्याच्या पोत्यांवरचे आकडे बिनचूक वाचतो, आणि गेल्या पावसाळ्यात त्याने माझा पदर ओढून मला इंद्रधनुष्य दाखवले. निदानानंतरच्या दिवसांत 'बाहेर बोलू नका, बहिणीच्या सोयरिकीला अडचण येईल' असा सल्ला मिळाला. कोणी पूर्वकर्माचा दाखला दिला. कर्माचा हिशेब ज्ञानी जाणोत. पण त्या नावाखाली आईला दोषी ठरवणे आणि मुलाला वर्षभर मागे ठेवणे, हे मला धर्माचे वाटत नाही. स्वमग्नता आईच्या वागण्यामुळे येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे. लपवणाऱ्या घराला त्या हक्कांचा लाभ कसा मिळणार?

आणखी एक गोष्ट. आपल्या दुकानांचे बरेचसे ग्राहक ऊसतोड मजूर आहेत. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा 'कोयता' कारखान्याच्या वाटेला लागतो. कधी लेकरू आजीजवळ राहते, कधी फडावर जाते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि विकासातील विलंबही पाहतात. पण ज्या दिवशी पथक येते, त्या दिवशी हे लेकरू गावात असेलच असे नाही. आणि असले, तरी उत्तर देणारी आई शंभर कोसांवर असते. उधारीची वही उघडताना आपण त्या आजीला सहज विचारू शकतो: बाळ हाकेला वळते का, काही दाखवायला बोट करते का? उत्तर 'नाही' असेल, तर पथकाची तारीख अंगणवाडीताईंकडून विचारून तिला कळवावी. याला भांडवल लागत नाही.