दीड मिनिटाचे चंद्रपूर

चंद्रपूरला निघाले आहे असे सांगितले की पुण्यात एकच उद्गार ऐकू येतो, "ताडोबा का? वाघ दिसला तर फोटो पाठवा हं!" वाघ टिपायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. मला हवे होते दीड मिनिट. तेही जंगलात नव्हे, भर गावात, रात्री, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर. हे ऐकून शेजारच्या वहिनींनी माझ्याकडे जसे पाहिले, तसेच चंद्रपुरात उतरल्यावर मामांनी पाहिले.

मामा पठाणपुऱ्याकडे, परकोटाच्या आत राहतात. आयुष्यभर मास्तरकी केली, आता निवृत्त आहेत. गेल्या माघात मी त्यांच्या घरी वडिलांचा जुना याशिका, तिपाई आणि दोन फिल्मी घेऊन दाखल झाले. मामीने चहा केला. मामांचा कप अर्धाच भरलेला होता. वयोमानाने कमी केला असेल, असे मला वाटले.

"काय करून राहिली गं तू रात्रीची?" मामांनी विचारले. मग मी त्यांना सांगितले तेच वाचकांनाही सांगते. कॅमेऱ्याचा पडदा नेहमी क्षणभर उघडून मिटतो. तो मिनिट, दोन मिनिटे उघडा ठेवला की जे स्थिर आहे ते फिल्मवर ठळक उमटते, आणि जे हलते ते पुसून जाते. मोटार जाते, तिच्या दिव्यांची नुसती रेघ उरते. माणूस तर दिवाही लावून हिंडत नाही, त्यामुळे त्याचे काहीच उरत नाही. यात फिल्मचा एक खट्याळपणा आहे. अंधारात ती आळसावते. प्रकाशमापक दहा सेकंद म्हणाला तर माझ्या फिल्मला वीस द्यावी लागतात. तीस म्हणाला तर जवळजवळ दीड मिनिट. हा हिशेब चुकला की हाती काळी पाटी येते. माझ्या एका फिल्मवर फक्त बारा चित्रे मावतात, त्यामुळे हिशेबाला फार जपावे लागते.

"म्हणजे जो चालून राहिला तो दिसत नाही, अन् बसला तो दिसते?" मामा म्हणाले. "मग हा फोटो तू सरकारी हापिसात काढ. सगळे येतील!"

गंमत सोडा, पण या कलेचा आरंभच तसा आहे. 1838 साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने आपल्या खिडकीतून पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्याला काही मिनिटे लागली. घोडागाड्या, माणसे, सगळी वर्दळ नाहीशी झाली. उरला कोपऱ्यावर बूट पुसून घेत एक पाय वर करून उभा राहिलेला एक माणूस. छायाचित्रात स्पष्ट दिसणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. पुढे ब्रासाई नावाच्या छायाचित्रकाराने रात्रीच्या पॅरिसचे पुस्तक 1933 च्या सुमारास गाजवले. तो म्हणे घड्याळाऐवजी सिगारेटींवर वेळ मोजी. उजेड थोडा अधिक असला तर एका जातीची सिगारेट, अंधार असला तर जाड सिगारेट. मी मनातल्या मनात आकडे मोजते. मामी म्हणाली, त्यापेक्षा रामरक्षा म्हण.

रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला चंद्रपूरसारखे गाव नाही. हे गोंड राजांचे नगर. खांडक्या बल्लाळशहाने ते वसवले अशी परंपरा सांगते. भोवती दगडी परकोट, त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. 1818 साली इंग्रजांनी तोफा लावून हा कोट फोडला, तरी बराचसा उभाच आहे. मधली कित्येक वर्षे झाडोऱ्यात बुडालेले बुरूज 2017 पासून 'इको-प्रो' संस्थेच्या मुलांनी मोकळे केले. दगड काळा, वर चुन्याचे पांढरे ओघळ. इथे रंग हवेत कशाला?

पहिल्या रात्री जटपुरा दरवाजा. दिवसा इथे पाऊल ठेवायला जागा नसते. गावाचा निम्मा व्यवहार या एका कमानीतून आत-बाहेर होतो. रात्री साडेदहानंतरही वाहने थांबत नव्हती. मी पडदा उघडला आणि मोजू लागले. दुधाचा टेंपो गेला, लग्नाहून परतणारी मंडळी गेली, एका कुत्र्याने तिपाईचा वास घेतला. त्यांपैकी कोणीही चित्रात आले नाही. दरवाजावरचा हत्तीवर मात करणारा सिंह मात्र असा उमटला आहे की नखे मोजावीत.

दुसरे दिवशी एस.टी.ने मूलवरून गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला जाऊन आले. 1982 पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. वैनगंगेवर दोन चित्रे घेतली. दीड मिनिटात नदी साईसारखी होते; छान दिसते, पण अशी चित्रे कुठल्याही नदीवर निघतात. मला शहरात परतायची घाई होती.

वीजकेंद्र राहिले होते. दगडी कोळशाच्या जोरावर 2,920 मेगावॅट क्षमता बाळगणारे हे केंद्र गावाला खेटून आहे. दुर्गापूरच्या रस्त्याने त्याच्या चिमण्या दिसतात. तिथे रात्री पायी जायला मामीने साफ मना केले. कारण वाघच! 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आवारातच एका कामगाराचा वाघाने बळी घेतला. ताडोबाला न जाता वाघाची भीती बाळगणारी प्रवासी मीच असेन. शेवटी रिक्षा सोबत ठेवली, चालक बिचारा एंजिन बंद करून बसला, आणि मी अडीच मिनिटे पडदा उघडा ठेवला. डोळ्यांना दिसणारे धुराचे लोट चित्रात लोट राहत नाहीत. त्यांचे एक सलग वस्त्र होते, गावावरून पूर्वेकडे ओढलेले. दागेरच्या रस्त्यावर माणसे पुसली गेली. इथे सगळे पुसले जाऊन धूर तेवढा टिकला.

शेवटच्या रात्री एकच चित्र शिल्लक होते. पठाणपुरा दरवाजापाशी मामाही आले, कानटोपी घालून. मी म्हटले, "मामा, तुम्ही त्या ओट्यावर बसा. दीड मिनिट हलायचे नाही."

"अख्खी नोकरी पोरांना 'हलू नका' म्हणण्यात गेली," ते म्हणाले, "आता माझी पाळी." आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसले. डोळेसुद्धा मिटू दिले नसतील.

पुण्यात येऊन फिल्म धुतली. कमान आली होती, तिच्यातून गेलेल्या मोटरसायकलींच्या रेघा आल्या होत्या. मामा आले होते. कानटोपी, चष्मा, मिशी, स्वेटरची वीणदेखील स्पष्ट. डावा हात गुडघ्यावर दगडासारखा. उजव्या हाताच्या जागी मात्र धुराचा पुंजका होता.

मी भिंग लावून पाहिले. तिपाई हलली असती तर कमानही हलली असती. मग तो अर्धा कप आठवला. आणि मामा हल्ली स्वतःहून पत्र लिहीत नाहीत, फोन करतात, हेही.

रात्री फोन केला. मामा म्हणाले, "थंडी होती न बापा!" मग फोन मामीने घेतला आणि आतल्या खोलीत नेला. "वर्ष झालं," ती हळूच म्हणाली. "ते कोणाला सांगू देत नाहीत. तुला आत्ता दिसलं?"

चार दिवस त्यांच्या घरी राहिले होते मी, दोन्ही वेळा समोर बसून जेवले होते.

चैत्रात त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू आहे, थोडा फरक आहे. मामांनी फोटोची प्रत मागितली, पण "हात तेवढा कापून." मी दोन प्रती काढल्या, एक कापलेली, एक अखंड, आणि दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवल्या. भिंतीवर कोणती लागली हे मामी सांगत नाही. या हिवाळ्यात बिनबा दरवाजा घ्यायचा आहे. मामा ओट्यावर बसायला तयार आहेत. या खेपेस हात मागे धरून बसतो म्हणतात.