आमच्या घरचा पेंग्विन

आमच्या घरात एक पेंग्विन राहतो, हे मला २०२५ च्या गणपतीत कळले. कर्त्या पुरुषाला अशा गोष्टी सर्वांत शेवटी कळायच्या, हा संसाराचा नियमच आहे.

धाकटी हॉस्टेलवरून चार दिवस घरी आली होती. रात्री एकच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तो तिच्या खोलीत उजेड! फोनवर अंगठे भराभर चाललेले. वाचकहो, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बापाच्या मनात अशा वेळी काय येते, ते मी सांगायला नको.

"कोण आहे तो?" मी शक्य तितक्या सौम्य आवाजात विचारले.

"पेंग्विन," असे म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर खरोखरच एक गुबगुबीत पेंग्विन उभा होता!

मी खो खो हसलो. ती हसली नाही. मग हळूहळू सारे बाहेर आले. पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत ती नापास झाली होती. जुलैपासून धड जेवण नव्हते, झोप नव्हती. रोज रात्री मी फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" असे विचारी आणि ती "छान" म्हणे. खरे उत्तर मात्र बेंगळुरूत जन्मलेल्या 'वायसा' नावाच्या या ॲपला मिळे.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबा, तुम्ही ऐकत नाही. लगेच उपाय सांगता."

त्या रात्री मला झोप कसली येते! एका पक्ष्याचा मत्सर करण्याची पाळी माझ्यावर आली होती. तेव्हा मी त्याची कुंडलीच काढली. यंत्रापुढे मन मोकळे करणे तसे नवे नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परत देई. तरी प्राध्यापकांच्या सेक्रेटरीबाईंनीच त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले! आजची ॲप्स अधिक शहाणी. 'मी बिनकामाची' असे लिहिले, की ती पुरावा मागतात आणि तोच विचार तपासून पुन्हा लिहायला लावतात. 'वोबॉट' नावाच्या अशाच एका ॲपची परीक्षा २०१७ साली ७० तरुणांवर झाली. दोन आठवड्यांत, नुसते पुस्तक वाचायला दिलेल्यांपेक्षा त्याच्याशी बोलणाऱ्यांची उदासी अधिक उतरली. पण तोच वोबॉट ३० जून २०२५ ला बंद झाला. यंत्राला दुकान आवरून जाता येते. बापाला ती सोय नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने आणखी एक गोष्ट सांगितली. ऑगस्टमधल्या एका रात्री तिचे मन फारच खचले. हे पेंग्विनचे काम नव्हे, हे तिचे तिलाच उमगले. तिने सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर लावला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही फुकट सेवा रात्रंदिवस चालते. पलीकडच्या बाई पाऊण तास तिच्याशी मराठीत बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"फारसं काही नाही. ऐकत होत्या."

त्या अनोळखी बाईंचे ऋण मी कसे फेडावे?

दुपारी ते ॲप मी माझ्या फोनवर घेतले आणि मोडक्या इंग्रजीत लिहिले, 'मुलगी माझ्याशी बोलत नाही.' पेंग्विनने उपाय सांगितला नाही. 'त्याने तुम्हाला कसे वाटते?' एवढेच विचारले. उत्तर लिहिता लिहिता मला १९८९ साल आठवले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गटांगळी खाल्ली होती आणि गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदाखाली दडवली होती. आमच्या मुलांना मात्र बाबा लहानपणापासून हुशार!

ती परत निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. तिला मी ती ट्रंकेची गोष्ट सांगितली. 'म्हणून म्हणतो, नीट अभ्यास कर' हे वाक्य तीनदा ओठांवर आले; तीनदा गिळले. ती बराच वेळ गप्प होती.

मग हळूच म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

मी सांगू लागलो. तिचा फोन खाली घरात चार्जिंगला लावलेला होता.